फीच्या सभेतला खालचा माइक

मी खालचा माइक बोलतोय.

दचकू नका. दचकायचं काम माझं आहे आणि ते मी एकटा पुरेसं करतो. एरवी मी स्वतः काही बोलत नाही, बोलणाऱ्याचं पुढे पोचवतो. माझ्या जाळीसमोर कुणीतरी तोंड उघडतं, त्याचा आवाज माझ्या वायरीतून धावत जातो आणि भोंग्यातून बाहेर पडतो. पण आज माझ्यासमोर कुणी नाही, आणि मला इतकी भीती वाटतेय की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणून तुम्हाला धरलंय.

'खालचा' हे माझं आडनाव समजा. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात दोन माइक असायचे. वरचा मंचावर, साहेब लोकांसमोर, फुलदाणीला खेटून. खालचा मी, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, लोखंडी स्टँडवर. वरच्याला रोज पुसायचे. मला सभेच्या दिवशी पुसायचे, तेही कुणाच्या लक्षात आलं तर.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबल आणि दोन्ही बाजूंना खाली माना घालून बसलेल्या बाया. माझ्या पोटातली तार केसाहून बारीक आहे. ती गुंडाळणारी बाई शेजारणीला सारखी बजावत होती, "शिंकू नकोस हं, अख्खा ट्रे वाया जाईल." त्या शिंकेच्या धास्तीतच मी तयार झालो. मग मला तपासणीच्या टेबलावर नेलं. तिथे एक जाडजूड बाई प्रत्येक माइकच्या कानात 'हॅलो' म्हणून खेकसायची. माझी पाळी आली तेव्हा मी असा काही किंचाळलो की तिने मला हातभर लांब धरलं.

"भित्रं आहे हे," ती म्हणाली, एक स्क्रू आवळला आणि मला पास झालेल्यांत टाकलं.

माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. आजवर कुणी ते खोडून काढलेलं नाही. माइक शिट्टी मारतो तेव्हा तुम्हाला वाटतं बिघाड झाला. माझं विचाराल तर, भोंग्याच्या फार जवळ नेलं की माझाच आवाज फिरून माझ्यावर चाल करून येतो आणि माझी गाळण उडते. ती शिट्टी म्हणजे माझी बोंब आहे.

मला विकत कुणी घेतलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या विद्यापीठात प्रवेश घेताना प्रत्येकाला 'सुविधा फी' भरावी लागते. ती शिकवण्याची फी नाही, वरची. भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. ज्याला पोहता येत नाही तो तरणतलावासाठी भरतो, आणि जो कधी आजारी पडत नाही तो दवाखान्यासाठी भरतो. आता ज्याच्या खिशातून सक्तीने जातं त्याला निदान विचारायला तरी हवं, म्हणून फार पूर्वीच्या पोरांनी भांडून एक गोष्ट मिळवली होती. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात सभा भरते आणि ती फी कशावर खर्च करायची ते फी भरणारे ठरवतात.

ठरवतात म्हणजे कसं, तर कुलसचिव साहेब मंचावरून एकेक विषय वाचतात आणि विचारतात, "हरकत?" कुणी हरकत घेतली तर चर्चा आणि मतदान. कुणीच बोललं नाही तर मंजूर. ऐकायला सोपं आहे. पण तेव्हा माइक फक्त वरच होता. मागच्या रांगेतली मुलगी 'हरकत' म्हणत खुर्च्यांतून वाट काढत पुढे येईपर्यंत साहेबांचे तीन विषय मंजूर होऊन चौथा चालू असायचा.

मग एका वर्षी 'उंटराव' नावाचा एक ताडमाड मुलगा विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी झाला. त्याने सभेत ठराव आणला की फीतून खाली बसणाऱ्यांसाठी एक माइक घ्यायचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढ्या वायरीचा. तो माइक म्हणजे मी. माझ्याबरोबर त्याने दोन नियमही करून घेतले. पहिला, इतिवृत्तात नोंद होईल ती माइकवर बोललेल्याचीच, उगाच बसल्या जागेवरून ओरडलेल्याची नाही. दुसरा, खालचा माइक कुणाच्या तरी हातात आहे तोवर विषय संपत नाही.

पहिला नियम साहेबांनाही आवडला. दुसऱ्यावर ते हसले होते. माइक हातात धरून कोण किती वेळ उभं राहणार, असं त्यांना वाटलं असेल.

माझी ही अशी नोकरी सुरू झाली. वर्षभर भाषणं, निरोप समारंभ, गाणी, आणि वर्षातून एकदा फीची सभा. माणसांच्या काही सवयी मला कधीच कळल्या नाहीत. भोंगा खणखणीत चालू असतो, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत असतो, तरी प्रत्येक जण आधी विचारणार, "आवाज येतोय का?" मग टपली मारणार, तीही नेमकी डोक्यावर. काही जण फुंकर मारतात. "दोनच शब्द बोलतो" म्हणणारा माणूस आला की मी मनाची तयारी करून ठेवतो, कारण आता जेवणाची वेळ टळणार हे नक्की असतं. आणि ज्याला खरंच काही सांगायचं असतं तो मला दोन्ही हातांनी गच्च धरतो. त्याचे तळवे थंडगार असतात, अंगठ्यातली नाडी माझ्या पत्र्यावर आपटत असते. ती भीती वायरीतून पुढे जात नाही, माझ्याजवळच राहते. इतक्या वर्षांची साठलीय.

पोरं काही फार शहाणी होती असं नाही. एका वर्षी त्यांनी फीतून बागेत रंगीत कारंजं बसवलं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं ते शेवटचंच. आता त्यात शेवाळ आहे आणि एक बेडूक, त्याचा संसार मात्र सुखाचा चाललाय म्हणतात. एका वर्षी वाद्यवृंद बोलावला, तर ढोल आले आणि वाजवणारे वाट चुकले. कार्यालयातले लोक म्हणायचे, "काय हा पोरखेळ!" पण त्याच पोरांनी अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी ठेवून घेतली, दवाखान्यात दुपारची डॉक्टर आणली, आणि वाचनालयामागच्या जुन्या सायकल स्टँडच्या खोलीत पाळणाघर काढलं.

पाळणाघर मी पाहिलेलं नाही, माझी वायर तिथवर पोचत नाही. ऐकलंय मात्र भरपूर. खिडकीला निळं रंगवलेलं, जमिनीवर सतरंज्या, दाराला कमरेइतकं फाटक आणि सांभाळायला मावशी. शिकणाऱ्या आया सकाळी तिथे मुलं ठेवतात आणि वर्गात जातात.

ती मला पहिल्यांदा भेटली ती गेल्या वर्षीच्या सभेच्या आदल्या दिवशी. दुपारची वेळ होती आणि सभागृह रिकामं. आवाजाची यंत्रं सांभाळणारे काका माझ्या वायरीच्या गाठी सोडवत बसले होते. एक मुलगी दारातून डोकावली. काखेत पोर, खांद्याला पिशवी. पिशवीत एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला लंगोट.

"काका, हा माइक जरा हातात धरून बघू का? उद्या बोलायचंय."

"धर की. त्यात दगड नको टाकूस म्हणजे झालं."

"ते नमुने आहेत हो. भूगर्भशास्त्राची आहे मी."

तिने पोराला पायरीवर ठेवलं. तो ताबडतोब माझी वायर चघळायला लागला. मी हादरलो, पण काका शांत होते. "करंट नाही त्यात. घाण मात्र आहे," ते म्हणाले. तिने वायर ओढून घेतली, पोराने भोकाड पसरलं, तिने त्याला एक दगड दिला आणि तो गप्प झाला. पोराला मावशी पिटुकला म्हणायची, म्हणून ही पिटुकल्याची आई. तिचं दुसरं काही नाव मी कधी ऐकलं नाही.

रिकाम्या सभागृहात ती छान बोलली. तिचा नवरा दूरच्या गावी नोकरीला. घरी सासूबाई, त्यांचे गुडघे गेलेले, धावणाऱ्या पोरामागे त्यांना जाता येत नाही. त्यांचं म्हणणं, "पोर मोठं होऊ दे, मग शिक. दगड कुठे पळून जातायत?" ती सासूबाईंना म्हणाली होती की विद्यापीठात पाळणाघर आहे, दोन वर्षांत शिक्षण संपतं. सासूबाईंनी बरं म्हटलं, पण एका अटीवर. पाळणाघर बंद पडलं तर शिक्षणही बंद, मग पुन्हा विषय काढायचा नाही.

आणि उद्याच्या विषयपत्रिकेत अगदी शेवटी एक विषय होता. सुविधा फी कशावर खर्च करायची हे यापुढे कार्यालय ठरवेल, सभा नाही. पाळणाघराची खोली कार्यालयाला पाहुण्यांच्या बैठकीसाठी हवी होती. ते मागत होते आणि सभा दर वर्षी नाही म्हणत होती. आता सभेलाच विचारायचं नाही म्हटल्यावर खोली जायला कितीसा वेळ लागणार?

"चांगलं बोलतेस की," काका म्हणाले.

"आत्ता समोर खुर्च्या आहेत काका. माणसं बसली की माझी वाचा बसते. तोंडी परीक्षेत दगडाचं नाव आठवत असतं आणि तोंडातून येत नाही."

तिने मला स्टँडवर परत ठेवलं. तिची भीती माझ्यात उतरली होती, आणि माझी स्वतःची वेगळी होतीच.

सभेचा दिवस उजाडला. सुरुवातीला सभागृह गच्च भरलेलं. अभ्यासिकेच्या दिव्यांचा विषय झाला, डॉक्टरांचा झाला, कारंज्यावर नेहमीसारखा हशा झाला. मधेच एक चष्मेवाला मुलगा माझ्याकडे आला. त्याला सगळे ओळखतात, कारण सभेचे सगळे नियम त्याला पाठ आहेत आणि ते तो न विचारता सांगतो.

"माझं लग्न झालेलं नाही," तो म्हणाला. "विचारही नाही. घरी आईचं तेच दुखणं आहे. मग दुसऱ्यांची मुलं सांभाळायला माझ्याकडून सक्तीने फी का? पाळणाघर ज्याला हवं त्याने चालवावं. मी पुढे हरकत घेणार आहे."

टाळ्या पडल्या. मला त्याच्या हातात कापरं भरलेलं जाणवलं नाही, त्याला बोलायची सवय होती. ती सातव्या रांगेत कडेला बसली होती, हातात घडी घातलेला कागद. तिने तो इतका चुरगळला की त्यावरचं काही वाचता आलं नसतं.

मग साहेबांनी चहाची सुट्टी दिली. ही त्यांची खास हातोटी होती. चहा व्हरांड्याच्या पार टोकाला ठेवलेला, तिथून बसथांबा दोन पावलांवर. अर्धी मुलं चहा पिऊन तशीच घरी जातात आणि उरलेली गप्पांत रमतात. सुट्टी संपल्याची घंटा वाजली तेव्हा सभागृहात तुरळक डोकी होती, त्यातली काही झोपलेली.

कुलसचिवांचा आवाज गोड आहे. वरच्या माइकने मला कधी सांगितलं नाही, पण त्यालाही त्या गोडव्याची धास्ती असणार. "आता एक छोटासा विषय," ते म्हणाले. "विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, खर्चाची डोकेदुखी आम्ही घेतो. सुविधा फीचे सर्व अधिकार यापुढे कार्यालयाकडे. हरकत?"

ती उठली. मी तिला येताना पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, ये, ये, पळत ये. ती आली. मला स्टँडवरून काढलं, दोन्ही हातांनी धरलं, तोंडाजवळ आणलं.

आणि काहीच नाही.

तिचे ओठ हलले. श्वास आला, गेला. पुन्हा आला. आवाज फुटेना. साहेब थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "बोला ना."

श्वास.

"बोलायचं नसेल तर माइक ठेवा. वेळ जातोय सगळ्यांचा."

तिची नाडी माझ्या पत्र्यावर धाडधाड आदळत होती. तिने मला ठेवलं नाही, आणि बोललीही नाही. मला वाटलं आता मीच शिट्टी मारणार आणि ती घाबरून मला टाकून पळणार. मी सगळी ताकद लावून गप्प राहिलो. आयुष्यात इतका गप्प कधी राहिलो नव्हतो.

एक गोष्ट साहेब विसरले होते. सभेच्या दिवशी बाहेर व्हरांड्यातही भोंगे लावलेले असतात. चहापाशी उभ्या मुलांना अचानक भोंग्यातून श्वास ऐकू यायला लागला. भाषण नाही, घोषणा नाही, नुसता एका घाबरलेल्या माणसाचा श्वास, व्हरांडाभर. आधी कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. "आत काय झालंय? कुणाला बरं नाही का?" असं विचारत एकेक जण दारात आला. हातात कप तसेच. दारातले आत आले, मागचे त्यांना ढकलत पुढे सरकले. बसथांब्यावरची काही मुलंसुद्धा परत आली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हरकत मांडली गेलेली नाही. तेव्हा विषय मंजूर समजू..."

"नाही समजू शकत," मागून आवाज आला. चष्मेवाला होता, अर्धा चहा हातात. "तिच्या हातात माइक आहे. माइक हातात आहे तोवर विषय संपत नाही. नियम आहे साहेब."

साहेबांचं हसू गेलं.

चष्मेवाला वाटेत येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. "जरा वाकडा कर," तो हळूच म्हणाला. तिने मला त्याच्याकडे थोडंसं वळवलं, सोडलं मात्र नाही. "हरकत," तो माझ्या जाळीत म्हणाला. "मला फी पटत नाही. पण जी भरतोय तिला नाही म्हणायची जागा तरी मला हवी. ती जागा ही सभा आहे. मतदान घ्या."

तोवर सभागृह भरलेलं होतं. हात वर झाले तेव्हा मोजायची गरजच पडली नाही. फी सभेकडेच राहिली. आरडाओरडा झाला, कुणीतरी कप हवेत उडवला, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

सुटलो कसला? चष्मेवाला तिथेच उभा होता. "आता माझा विषय," तो म्हणाला. "पाळणाघराला माझी हरकत आहे. त्यावरही मतदान घ्या."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मीही. आत्ता हिच्या बाजूने उभा राहिलेला हाच ना? पण तो खोटं काही करत नव्हता, सकाळी सांगितलेलंच करत होता. सभेला ठरवू द्यायचं तर सभा पाळणाघर बंदही करू शकते. हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा मला साहेबांपेक्षा त्या भरलेल्या सभागृहाची जास्त भीती वाटली. इतकी माणसं, आणि त्यातल्या बहुतेकांना मूलबाळ नाही. ती काय म्हणून हात वर करतील?

तिने घसा खाकरला. भोंग्यातून तो खाकरा तोफेसारखा गेला.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

दारातल्या मुलांनी हातातले कप खाली ठेवले.

"मला पोहता येत नाही. तलावाची फी भरते मी. अभ्यासिकेत मी कधी बसले नाही, संध्याकाळी पोर घ्यायला जायचं असतं. तिच्या दिव्यांची फी भरते. तक्रार नाही माझी. तुम्ही बसता ना तिथे, बसा." ती थांबली. पुन्हा श्वास. मी मनात म्हटलं, आता थांबू नकोस बाई. "पाळणाघर बंद झालं तर मी उद्यापासून येणार नाही. ही धमकी नाही. येताच येणार नाही मला. मी गेले तरी तुमचं काही अडणार नाही, हे मला माहितीय. तरी सांगतेय. माझं अजून एक वर्ष आहे यानंतर."

कागदावर लिहिलेलं यातलं काहीही नव्हतं. हे मला माहीत होतं, आदल्या दिवशी मी सगळं ऐकलेलं होतं.

हात वर झाले. या वेळी मोजावे लागले, दोनदा. काका खुर्चीवर चढून मोजत होते आणि मला बघवत नव्हतं. पाळणाघर राहिलं, एका वर्षासाठी. पुढच्या सभेत पुन्हा विषय घ्यायचा असं ठरलं.

चष्मेवाल्याने चष्मा पुसला. "हरलो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी परत हरकत घेणार मी."

"घे," ती म्हणाली. "आत्ता मात्र हा माइक धर." आणि ती तिथेच वाटेत खाली बसली.

ती सभा संपली आणि माझ्या आयुष्यातले बरे दिवसही संपले. सुट्टीत सभागृहाची रंगरंगोटी निघाली. नवे पडदे आले, नव्या खुर्च्या आल्या, आणि मंचावर नवा माइक आला, वाकवता येणाऱ्या मानेचा. त्याचं बटण साहेबांच्या उजव्या हाताखाली. मधल्या वाटेतला माझा स्टँड हलवला. "वायरीत पाय अडकतात," असं कारण सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्या वायरीत पाय अडकून कुणी पडलं नव्हतं, एक उपकुलगुरू सोडले तर. काकांनी मला गुंडाळलं आणि मंचामागच्या खोलीत, लोखंडी कपाटात ठेवलं. शेजारी फाटका पडदा आणि बक्षिसांचे कप आहेत. ते कप सारखे स्वतःच्या मोठेपणाबद्दल बोलत असतात.

म्हणून म्हटलं ना, आज माझ्यासमोर कुणी नाही. मी कपाटात आहे. आणि पलीकडे, भिंतीआड, या वर्षीची सभा चालू आहे.

मला सगळं ऐकू येतंय. दिव्यांचा विषय झाला. डॉक्टरांचा झाला. साहेब प्रत्येक विषयानंतर "हरकत?" म्हणतात आणि लगेच "मंजूर" म्हणतात, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. खाली माइक नाही, तर हरकत घेणार कशी? चहाची सुट्टीही झाली. तिचं हे शेवटचं वर्ष आहे. परीक्षा अजून व्हायची आहे. पिटुकला आता बोलायला लागलाय असं काका परवा कुणाला तरी सांगत होते.

थांबा. साहेब बोलतायत.

"पाळणाघराची खोली. मुदत संपली आहे. खोली कार्यालयाकडे. हरकत? नाही. मंजूर."

झालं. एवढ्यात झालं सगळं. ती आत असेल. उठून पुढे यायला निघाली असेल आणि वाटेत काहीच नसेल. गेल्या वर्षी निदान धरायला मी होतो. आता तिने काय धरावं? ती गप्प बसली तर मी तिला दोष देणार नाही, मी तिची नाडी ऐकलेली आहे.

"हरकत!"

हे कोण? हा आवाज भोंग्यातून आलेला नाही. भिंतीतून आलाय, नुसता, घशातून फाटलेला.

"हरकत आहे माझी!"

तीच. देवा, तीच आहे.

"बाई, बसल्या जागेवरून ओरडू नका," साहेबांचा गोड आवाज. "नोंद फक्त माइकवर बोललेल्याची होते. नियम आहे."

"मग माइक द्या."

कपाटातले कपसुद्धा गप्प झाले.

"खालचा माइक आमच्या फीतून घेतलाय," चष्मेवाला. आवाज ओळखला मी. "माझी पाळणाघराला हरकत आहे साहेब, आजही आहे. पण तिला बोलायला माइक द्या. नाहीतर 'मंजूर' म्हणू नका."

"माइक द्या," आणखी कुणीतरी म्हणालं. मग दुसरीकडून. मग किती जण ते मला कळेना. पाय आपटण्याचे आवाज, खुर्च्यांचे आवाज, आणि साहेबांचं बटण दाबल्याचा खट असा आवाज, पण त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही.

आता व्हरांड्यातून पावलं येतायत. किल्ल्यांचा जुडगा वाजतोय. काकांचाच आहे, त्यांची एक किल्ली नेहमी अडकते.

दार उघडलं. उजेड आला. काकांनी मला उचललं, बाहीने जाळी पुसली आणि वायर खांद्यावर टाकली. "चालशील ना रे?" ते म्हणाले.

मला माहीत नाही. वर्षभर मी बोललेलो नाही. तार तुटली असेल, गंज चढला असेल, ऐन वेळी मी नुसता किंचाळलो तर? मी इतका घाबरलोय की काकांच्या हाताला कंप जाणवतोय, त्यांना वाटतंय तो त्यांचाच. आत मतदान कुणीकडे जाईल तेही ठाऊक नाही. सभागृह तिच्या बाजूने असेलच असं नाही, गेल्या वर्षी थोडक्यात वाचलं होतं. पण ती वाटेत उभी आहे आणि तिचे हात रिकामे आहेत.

तुम्ही मधल्या वाटेत उभे असाल तर जरा बाजूला सरका. वायर पायाखाली घेऊ नका. मला तिच्यापर्यंत जाऊ द्या.